रेषेबाहेरचे पाच सेकंद

“अहो, चालला ना तो! ट्रॅव्हल द्या की!”

न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलची जिम, डिसेंबरची संध्याकाळ, ज्युनियर व्हर्सिटीची, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या टीमची, बास्केटबॉल मॅच. साइडलाइनजवळ उभा राहून मी हाताने सेकंद मोजत होतो आणि पाठीमागच्या बाकांवरून हे अस्सल मराठीत आलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेल्या पंचाला मराठी कळत असेल, असं त्या बाईंना वाटायचं काहीच कारण नव्हतं. मी वळून बघितलं नाही. मुलाने बॉल आत टाकला, खेळ पुढे सरकला.

जानेवारीत मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी मला बरोबर ओळखलं. हातावर तिळगूळ ठेवला आणि ‘गोड बोला’ म्हणायच्या आधी विचारलं, “त्या दिवशी ट्रॅव्हल का नाही दिलंत हो?”

मग कागदी ताटलीत मी एक चमचा आडवा ठेवला, ती साइडलाइन. तिळाच्या वड्या झाल्या खेळाडू आणि हलव्याचा एक दाणा झाला बॉल. बघता बघता आणखी चार आईबाबा ताटलीवर वाकले. त्या अर्ध्या तासात जे बोलणं झालं, ते इथे जरा सविस्तर लिहितोय. थ्रो-इन म्हणजे बॉल बाहेरून आत टाकणं. दिसायला एवढं साधं, आणि बाकांवरून सगळ्यात जास्त आरडाओरडा मात्र त्यावरूनच होतो.

आधी एक गोष्ट. अमेरिकेतलं हायस्कूल बास्केटबॉल एनबीएच्या नियमांनी चालत नाही, कॉलेजच्याही नाही. इंडियानापोलिसला राज्यांच्या हायस्कूल संघटनांचं एक राष्ट्रीय फेडरेशन आहे. त्यांचं नियमपुस्तक वेगळं, आणि सोबत ‘असं घडलं तर काय द्यायचं’ सांगणारं केस बुकही. आपल्यापैकी जे पुण्या-नागपुरात खेळले ते फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांवर वाढले, त्यांची मुलं टीव्हीवर एनबीए बघतात आणि मॅच खेळतात फेडरेशनच्या पुस्तकाप्रमाणे. एका घरात तीन पुस्तकं असल्यावर वाद होणारच.

तर ट्रॅव्हल. ट्रॅव्हल हा मैदानात असलेल्या खेळाडूचा गुन्हा आहे. एक पाय खिळवून ठेवायचा, तो उचलून पुन्हा टेकला की शिट्टी. पण थ्रो-इन टाकणारा मैदानात नसतोच. त्याला खिळवायचा पाय नाही, त्यामुळे ट्रॅव्हलही नाही. बाहेर उभा राहून त्याने पाय हलवले, उडी मारली, इतकंच काय बॉल बाहेरच्या बाहेर टप्पे देत आपटला, तरी हरकत नाही. त्याच्यावर बंधन जागेचं आहे. पंच रेषेबाहेर एक जागा नेमून देतो. ही जागा तीन फूट रुंद असते आणि खोलीला तिला मर्यादा नाही. बॉल हातातून सुटेपर्यंत टाकणाऱ्याचा निदान एक पाय त्या तीन फुटांवर, किंवा त्यांच्या वर हवेत, असला पाहिजे. मागे जायचं तर भिंतीपर्यंत जा. बाजूला सरकायचं तर एक पाय पट्ट्यात ठेवून दुसरा हवा तेवढा लांब टाका.

त्या बाईंच्या मुलाने नेमकं हेच केलं होतं. समोरचा बचावपटू हात पसरून नाचत होता, म्हणून हा दोन पावलं मागे गेला, परत पुढे आला, डावीकडे एक पाऊल टाकलं आणि पास दिला. ताटलीत मी वडी मागे-पुढे केली. “तीन फूट म्हणजे किती?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “साधारण तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराएवढं.” दारात उभं राहून मागे हॉलमध्ये कितीही जाता येतं, पण शेजारच्या खिडकीतून बॉल टाकायचा नाही. खिडकीतून टाकला तर व्हायोलेशन (फाउल नसलेला नियमभंग) आणि बॉल समोरच्या टीमचा. त्यालाही ट्रॅव्हल म्हणायचं नाही, जागा सोडली म्हणायचं.

फिबातही हाच हेतू आहे, मोजायची रीत मात्र वेगळी. तिथे टाकणाऱ्याला बाजूला एकूण एक मीटरपर्यंत सरकता येतं. म्हणून भारतातून आलेला जुना खेळाडू इथे मुलाला ‘पाऊल मोज’ असं शिकवतो, आणि इथला पंच बघत असतो तो एक पाय पट्ट्यात आहे की नाही एवढंच.

आता या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो रोज दिसत असल्याने लोक अपवादालाच नियम समजतात. बास्केट झाली की जिच्यावर झाली ती टीम एंडलाइनमागून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेबाहेरून, बॉल टाकते. तेव्हा जागा नेमलेली नसते. टाकणारा एंडलाइनच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळू शकतो. बाहेरच उभ्या असलेल्या आपल्या साथीदाराला पासही देऊ शकतो आणि मग तो आत टाकतो, फक्त सगळं मिळून पाच सेकंदांत. ही सवलत कुठून आली ते खेळाच्या इतिहासात आहे. 1937-38 च्या हंगामाआधी दर बास्केटनंतर मध्यभागी जंप बॉल व्हायचा, म्हणजे पंच बॉल वर उडवणार आणि दोघं उडी मारून तो घ्यायला बघणार, आणि ज्यांच्याकडे उंच गडी त्यांची चंगळ. तो बंद झाला आणि बास्केट खाल्लेल्या टीमला बॉल एंडलाइनवरून द्यायचं ठरलं. टाइमआउट घेतल्याने ही पळण्याची मोकळीक जात नाही. बास्केट करणाऱ्या टीमने या थ्रो-इनमध्ये बॉलला लाथ मारली किंवा साधा फाउल केला आणि पुढचा थ्रो-इन एंडलाइनवरच आला, तरीही जात नाही. दुसऱ्याच्या चुकीने माझी सवलत का जावी, असं साधं तर्कशास्त्र.

मुलांचा घोळ इथेच होतो. बॉल एंडलाइनबाहेर गेला, आपल्याला मिळाला, आणि पोरगं सवयीने पळत सुटतं. म्हणून बॉल देण्यापूर्वी मी दर वेळी तोंडाने आणि हाताने सांगतो: बोट जमिनीकडे असेल तर इथेच, हात आडवा फिरवला तर पळायची मुभा. तरीही हंगामात दोन-तीनदा कोणी ना कोणी पळतंच. शिट्टी वाजवताना वाईट वाटतं, पण वाजवावी लागते.

पाच सेकंदांचं मात्र गंमतशीर आहे. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, तेव्हा तेरा नियम लिहिले. त्यात ड्रिबल नव्हतं, थ्री-पॉइंटर नव्हता, पण नवव्या नियमात बाहेरून बॉल टाकणाऱ्याला पाच सेकंद दिलेले होते, आणि जास्त धरून ठेवला तर बॉल प्रतिस्पर्ध्याचा, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. बाकी खेळ ओळखू येणार नाही इतका बदलला, हे पाच सेकंद तेवढे तसेच आहेत. त्याच नियमात आणखी एक गोष्ट होती. बाहेर गेलेल्या बॉलला जो पहिला हात लावेल त्याचा तो थ्रो-इन. मग काय झालं असेल याची कल्पना करा! बॉल बाहेर गेला की त्याच्यामागे दहाजण. पुढे शहाणपण आलं, आणि ज्याचा हात शेवटी लागला त्याच्या विरुद्ध टीमला बॉल मिळायला लागला.

इथपर्यंत ऐकून एका बाबांनी विचारलं, “मग यात समजायला अवघड काय आहे?”

अवघड आहे ते सुरू आणि शेवट. थ्रो-इन ही घटना नाही, तो एक छोटा काळ आहे. त्याला सुरुवात आहे आणि अखेर आहे. त्या काळात चालणारे नियम वेगळे, तो संपल्यावरचे वेगळे. कबड्डी खेळलेल्यांना हे पटकन कळेल. चढाई करणाऱ्याचा कोणाला स्पर्श होईपर्यंत लॉबी ही मैदानाबाहेर. स्पर्श झाला की तीच लॉबी मैदानात. रेषा तीच, जमीन तीच, फक्त एका स्पर्शाने तिचा अर्थ बदलला. थ्रो-इनचंही तसंच. म्हणून अवघड प्रसंग आला की मी मनात दोनच प्रश्न विचारतो: सुरू झाला होता का? संपला होता का?

सुरू होतो तो बॉल टाकणाऱ्या टीमच्या हवाली झाला की. पंचाने हातात दिला, टप्पा देऊन दिला, की लगेच. पण हवाली होणं म्हणजे हातात असणंच नव्हे. टाइमआउटनंतर एखादी टीम कोचभोवती घोळका करून उभीच राहिली, तर पंच बॉल नेमलेल्या जागी जमिनीवर ठेवतो आणि मोजायला लागतो. तिथे माणूसच नाही, नुसता बॉल पडलाय आणि पाच सेकंद सरताहेत! मी हे दोनदा केलंय. तिसऱ्या सेकंदाला कोच ज्या आवाजात ओरडतो तो ऐकण्यासारखा असतो. बास्केट झाल्यावरही तसंच: बॉल हाताशी आहे, उचलायला पुरेसा वेळ मिळालाय, असं पंचाला वाटलं की मोजणी सुरू. बास्केट करणाऱ्या टीमला टाइमआउट हवा असेल तर तो याच्या आधी मागावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या हवाली बॉल गेला की त्यांची वेळ गेली. कोच म्हणतो, मी कधीचा ओरडतोय. मी बघत असतो की तो ओरडला तेव्हा बॉल कुठे होता.

आता शेवट. ताटलीत सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण इथे तीन वेगळे क्षण एकमेकांत मिसळतात. बॉल टाकणाऱ्याच्या हातून सुटून मैदानाकडे निघाला की पाच सेकंदांची मोजणी थांबते. थ्रो-इन मात्र अजून चालू आहे. आतल्या खेळाडूने बॉलला नियमात बसणारा स्पर्श केला की तो संपतो. घड्याळ थांबलेलं असेल तर ते सुरू होतं तेही या स्पर्शाला, बॉल सुटताना नाही. हातातून सुटणं आणि कोणाचा तरी हात लागणं, या दोहोंमध्ये बॉल हवेत असतो तेवढ्या वेळात बरंच काही घडू शकतं.

समजा शेवटचे चार सेकंद उरलेत. आपण आपल्या बचावाच्या बास्केटखालून बॉल टाकतोय. मुलाने पूर्ण ताकद लावून थेट समोरच्या टोकाला फेकला, आणि तो कोणालाही न लागता पलीकडच्या एंडलाइनबाहेर गेला. किती वेळ गेला? शून्य. घड्याळ अजून चार सेकंदच दाखवतंय. आणि प्रतिस्पर्धी बॉल कुठून टाकणार? जिथे बाहेर गेला तिथून नाही, जिथून टाकला होता तिथून. म्हणजे आपल्याच बास्केटखालून, चार सेकंद हातात ठेवून. तोच बॉल जाता जाता कोणाच्या नखाला लागला असता तर घड्याळ चाललं असतं आणि पुढचा थ्रो-इन पलीकडच्या टोकाला गेला असता. कोच लांब पासला घाबरतात ते उगीच नाही.

याच्याच उलट्या बाजूला एक चलाखी आहे. बचावपटू टाकणाऱ्याकडे पाठ करून उभा आहे, तर टाकणारा बॉल हळूच त्याच्या पाठीवर आपटतो, मैदानात पाऊल टाकतो आणि परत आलेला बॉल पकडून बास्केट करतो. बाकांवर हाहाकार. “स्वतःलाच पास दिला!” नाही, दिला नाही. पाठीला लागला तो आतल्या खेळाडूचा स्पर्श, तिथे थ्रो-इन संपला, आणि टाकणारा आत आल्यावर इतरांसारखाच एक खेळाडू. त्याने स्पर्शाआधी बॉल पकडला असता तर चूक. जोरात मारून समोरच्याला दुखवलं तर तो वेगळा विषय. ताटलीत मी हलव्याचा दाणा एका वडीवर आपटून दाखवला, तेव्हा एका काकांनी “हे बरं नव्हे” अशी मान हलवली. पुस्तकाला मात्र ते चालतं.

मग रेषा. रेषेवर एक काचेची भिंत उभी आहे असं समजा. बॉल सुटेपर्यंत बचावपटूने या भिंतीतून बोटसुद्धा बाहेर काढायचं नाही. काढलं तर पहिल्या वेळी टीमला ताकीद, ती स्कोअरबुकात लिहिली जाते आणि कोचला सांगितली जाते. पुढच्या वेळी टेक्निकल फाउल (अंगाला धक्का न लावता केलेल्या गैरवर्तनाचा). हात बाहेर काढून टाकणाऱ्याच्या हातातल्या बॉलला लावला तर थेट टेक्निकल. आणि टाकणाऱ्यालाच धक्का दिला तर इंटेन्शनल फाउल, साध्या फाउलपेक्षा कडक. बाहेर उभ्या माणसाला समोरच्याला चुकवायला जागा नसते, म्हणून त्याच्या अंगाला हात लावणं पुस्तक इतकं मनावर घेतं.

पण ही भिंत एकतर्फी आहे. टाकणाऱ्याचे हात तिच्यातून आत गेले तर चालतात, पाय तेवढा मैदानाला लागायचा नाही. रेषेवर पडला तर चालेल, रेषा बाहेरच धरतात. फक्त बॉल आत नेला की तो बचावपटूच्या आवाक्यात आला. आता त्याने बॉलला हात घातला, घट्ट धरला, तर काहीच चूक नाही. हेल्ड बॉल, म्हणजे दोघांच्या हातात अडकलेला बॉल. मी हे द्यायला लागलो तेव्हा दर वेळी टाकणाऱ्या मुलाचा चेहरा पडायचा. त्याला वाटतं, मी बाहेर आहे म्हणजे मला कोणी हात लावायचा नाही. अरे, तू बाहेर आहेस, तुझा बॉल आत आलाय.

हेल्ड बॉल झाला की बाण. स्कोअररच्या टेबलावर एक बाण असतो. सुरुवातीचा जंप बॉल, आणि मॅच ओव्हरटाइममध्ये गेली तर तिथला, एवढे सोडले तर मॅचमध्ये जंप नाही. हेल्ड बॉल होईल, किंवा दुसरा-तिसरा-चौथा क्वार्टर सुरू होईल, तेव्हा बाण ज्यांच्याकडे त्यांना थ्रो-इन मिळतो आणि मग बाण फिरतो. कधी फिरतो? थ्रो-इन मिळाला तेव्हा नाही, थ्रो-इन संपला तेव्हा. इथे ते दोन प्रश्न पैसा वसूल करतात.

ताटलीत मी चार प्रसंग मांडले होते, तेच इथे मांडतो. निळी टीम बाणाचा थ्रो-इन टाकतेय.

एक. निळ्यांनी पास टाकला, लाल बचावपटूने मुद्दाम पायाने अडवला. लाथ हा नियमात बसणारा स्पर्श नाही, म्हणून थ्रो-इन संपलाच नाही. निळ्यांना लाथेबद्दल नवा थ्रो-इन मिळतो, आणि बाणाचा थ्रो-इन वापरलाच गेला नसल्याने बाण निळ्यांकडेच राहतो. पूर्वी इथे नियमपुस्तकात फक्त ‘स्पर्श’ होतं, आणि लाथेलाही स्पर्श धरून लोक बाण फिरवायचे. मग ‘नियमात बसणारा’ हे शब्द घातले गेले. दोन-तीन शब्द, पण बचाव करणाऱ्याने पाय मारून समोरच्याचा बाण उडवायची वाट बंद झाली. हो, लाथ मुद्दाम हवी. बॉल येऊन पायाला लागला तर तो साधा स्पर्श, आणि मग बाण फिरला.

दोन. पास टाकला, लालच्या हाताला लागून बाहेर गेला. थ्रो-इन संपला, बाण फिरला. निळ्यांना पुन्हा थ्रो-इन मिळतो, पण तो साधा, बाणाचा नाही. बाकांवरून दोन्ही थ्रो-इन सारखेच दिसतात. टेबलाला हे मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर स्कोअरर बाण फिरवायचा विसरतो आणि पुढच्या क्वार्टरला भांडण.

तीन. बॉल हवेत असताना निळ्यांच्याच खेळाडूने आत कोणाला ढकललं. फाउल. बॉल लालचा, पण बाण निळ्यांकडेच. थ्रो-इन संपण्याच्या कारणांत फाउल नाही.

चार. निळ्यांनी पाच सेकंद ओलांडले, किंवा टाकणाऱ्याने जागा सोडली. टाकणाऱ्या टीमने व्हायोलेशन केलं की थ्रो-इन संपतो. बॉल लालचा, आणि बाणही लालचा. दुहेरी नुकसान.

तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक ऐकून त्या बाई म्हणाल्या, “म्हणजे ढकललं तर कमी शिक्षा आणि उशीर केला तर जास्त?” बाणापुरतं बघितलं तर तसंच आहे. फाउलची किंमत दुसरीकडे मोजली जाते, खेळाडूच्या खात्यावर. तरी मलाही हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा उलटाच वाटला होता, अजूनही थोडासा वाटतो.

फाउलवरून आठवलं. टाकणाऱ्या टीमने थ्रो-इनच्या वेळी फाउल केला तर पूर्वी एक चमत्कारिक गोष्ट व्हायची. थ्रो-इन चालू असताना बॉल कोणाच्याच ताब्यात नाही, असं पुस्तक धरायचं. त्यामुळे आपल्या साथीदाराला मोकळं करायला निळ्याने जरा जोरात स्क्रीन लावला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहिला, आणि लाल टीम बोनसमध्ये असेल (निळ्यांचे फाउल ठराविक आकड्यापर्यंत गेलेले असतील), तर लालला फ्री-थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे शॉट, मिळायचे. हाच फाउल दोन सेकंदांनी, बॉल हातात आल्यावर झाला असता, तर नुसता बॉल गेला असता. 2011-12 पासून हे बदललं: थ्रो-इनच्या वेळी टाकणाऱ्या टीमचा ताबा धरायचा, म्हणजे अशा फाउलला फ्री-थ्रो नाहीत.

पण हा ताबा फक्त फाउलपुरता. तीन सेकंदांच्या नियमासाठी (समोरच्या बास्केटखाली थांबायची मर्यादा) नाही, बॅककोर्टसाठी नाही. आपण जिथे बास्केट करतो तो मैदानाचा अर्धा भाग फ्रंटकोर्ट, जो राखतो तो बॅककोर्ट, आणि ताब्यातला बॉल पुढून मागे न्यायचा नसतो. आणि इथे अनुभवी पंचही अडखळतात. फ्रंटकोर्टच्या साइडलाइनवरून पास आला, निळ्याने फ्रंटकोर्टमधून उडी मारून हवेत पकडला आणि बॅककोर्टमध्ये उतरला. बाकांवरून एकच गलका: “ओव्हर अँड बॅक!” नाही. थ्रो-इनवर पहिल्यांदा बॉल पकडणाऱ्याला ही मोकळीक आहे. पकडताच आला नाही, नुसता हात लागून बॉल मागे बॅककोर्टमध्ये गेला आणि साथीदाराने तिथे उचलला, तरी चालतं, कारण मैदानात अजून कोणाचा ताबा आलेलाच नव्हता. दोन्ही पाय टेकवून फ्रंटकोर्टमध्ये पकडला आणि मग मागे गेला, तर मात्र द्यायचं. फरक अर्ध्या सेकंदाचा असतो आणि बघायचे असतात पाय, बॉल नाही.

अखेरच्या सेकंदांसाठी एक छोटी गोष्ट. घड्याळात 0.3 किंवा त्याहून कमी सेकंद असतील तर थ्रो-इनवरून बॉल पकडून शॉट मारता येत नाही, फक्त टॅप, म्हणजे न पकडता हाताने ढकलणं, चालतो. आणि टाकणाऱ्याचा बॉल कोणालाही न लागता थेट बास्केटमध्ये पडला तर पॉइंट नाहीत, उलट व्हायोलेशन.

जागा कुठली, यावरही 2023-24 पासून नियम सोपा झाला. आधी ‘जिथे चूक घडली त्याच्या जवळची जागा’ असं होतं, म्हणजे दर थ्रो-इनला पंचाचा अंदाज. आता फ्रंटकोर्टमध्ये टीमला बॉल मिळाला तर चारच जागा: दोन्ही साइडलाइनवर एंडलाइनपासून 28 फुटांच्या खुणेशी, किंवा एंडलाइनवर लेनच्या (बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंना तीन फूट बाहेर. त्यातली जवळची घ्यायची. बॉल रेषेबाहेर गेला असेल तर मात्र जिथून गेला तिथूनच. यामुळे पंचांचं काम हलकं झालं, आणि कोचनाही ठराविक चार जागांचे डाव बसवायला सोपं पडायला लागलं.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, आणि तो वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. चुकून भलत्याच टीमला थ्रो-इन दिला, तर बॉल खेळात आल्यानंतरच्या पहिल्या डेड बॉलच्या, म्हणजे खेळ थांबण्याच्या, आधी ती चूक सुधारता येते, मध्ये ताबा बदललेला नसेल तर.

ती चूक मी केलेली आहे, नियम बदलायच्या दोन हंगाम आधी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टाइमआउट झाला, दोन्ही टीम बाकावर गेल्या, मी बॉल काखेत धरून बूट बांधला. टाइमआउट संपला, पांढरे कपडे आधी आले, मी त्यांना बॉल दिला. थ्रो-इन काळ्यांचा होता. माझा जोडीदार पलीकडच्या टोकाला होता, त्याच्या लक्षात आलं तेव्हा पास आत पडला होता, आतल्या मुलाने तो पकडलाही होता. त्या वेळच्या पुस्तकाप्रमाणे थ्रो-इन संपला की विषय संपला. मी शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि खाली घेतली. चार पासनंतर पांढऱ्यांनी बास्केट केली.

काळ्यांचा कोच काही बोलला नाही. त्याने फक्त मान तिरकी करून आधी माझ्याकडे बघितलं, मग स्कोअरबोर्डकडे, आणि आपल्या पोराला हाताने खूण केली: एंडलाइनमागे जा, पळायची मुभा आहे.